मॉरिशसचे मुक्त व्यापार करार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मॉरिशस हे हिंदी महासागरातील सुमारे साडेबारा लाख लोकसंख्येचे राष्ट्र होय. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या मराठी माणसांनी उसाच्या मळ्यांत श्रम केले. १९६८ मधील स्वातंत्र्यानंतरही या देशाचे अर्थकारण दीर्घकाळ साखरेवरच उभे होते. तेथील व्यापार करारांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
तुर्कस्तान (२०१३), चीन व भारत (२०२१) आणि संयुक्त अरब अमिराती (२०२५) यांच्याशी मॉरिशसने केलेले करार अमलात आले आहेत. त्यांकडे उदारीकरणाचे धाडस म्हणून पाहिले जाते. हे आकलन अपुरे आहे. १९७५ च्या लोमे करारातील साखरविषयक तरतुदीने मॉरिशसला युरोपात ठरावीक कोटा व हमीभाव मिळाला होता. मोठ्या आशियाई स्पर्धकांना रोखणारी कापडाची कोटा पद्धती २००५ च्या प्रारंभी संपली. २००६ पासून युरोपने साखरेचा दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी घटविला. २०१६ च्या दुरुस्तीने भारताबरोबरच्या कर करारातील भांडवली नफ्याची सवलतही गेली. एकेक आधार असा सुटत गेला. म्हणूनच नवे करार ही महत्त्वाकांक्षेपेक्षा पर्यायाची शोधाशोध ठरते.

हा पर्याय मात्र समतुल्य नाही. जुन्या व्यवस्थेत भावाची हमी होती. नव्या करारांत केवळ शुल्कसवलत आहे. शिवाय मॉरिशसची बहुतेक आयात शुल्के आधीच शून्य असल्याने वाटाघाटीत देण्यासारखे त्याच्या हाती फारसे उरत नाही. भारताबरोबरच्या करारात मॉरिशसच्या ६१५, तर भारताच्या ३१० वस्तूंना सवलत आहे. वरकरणी पारडे लहान राष्ट्राकडे झुकलेले दिसते. परंतु यादीतील वस्तू पुरेशा प्रमाणात निर्माण करण्याची क्षमता यादीमुळे येत नाही. त्यातच वस्तूचे मूळ उत्पादनस्थान सिद्ध करण्याचे नियम लहान उत्पादकाला जाचक ठरतात. ही अडचण दोन्ही बाजूंची आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजकही तिला अपवाद नाही.

समारोप :
सारांश, करारांची संख्या हे यशाचे माप नव्हे. सवलतीचा प्रत्यक्ष वापर किती झाला आणि तो कोणी केला, हाच खरा निकष होय. बाजारपेठेचे दार उघडणे राज्यकर्त्यांच्या हाती असते. त्या दारातून नेण्याजोगा माल मात्र देशातच घडवावा लागतो.