‘नेब्युलियम’ आणि वर्णपटाचे वाचन

आकाशस्थ ज्योतींच्या रासायनिक संघटनाविषयी लिहिताना ‘वर्णपट वाचणे’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. वाचन म्हणजे केवळ अक्षरओळख, असे गृहीत धरल्यास या प्रयोगातून कसा भ्रम उद्भवतो, याचे उद्बोधक उदाहरण बिंबाभ्रिकांच्या अभ्यासात आढळते.

२९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्झ यांनी कालेय तारकासमूहातील एका बिंबाभ्रिकेचा वर्णपट पाहिला. ताऱ्याप्रमाणे अखंड पट न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यावरून ही वस्तू तारकांचा समूह नसून विरळ वायू आहे, असे त्यांनी ठरविले. हा निष्कर्ष आजही अबाधित आहे. मात्र प्रमुख हिरव्या रेषा कोणत्याही परिचित मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिण्यात आले. सूर्याच्या वर्णपटात १८६८ मध्ये आढळलेले हेलियम १८९५ मध्ये पृथ्वीवरही सापडल्याने ही कल्पना असंभाव्य वाटली नाही. अखेर १९२७ मध्ये आयरा बोएन यांनी ४९५९ व ५००७ अँगस्ट्रॉमच्या या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या असल्याचे दाखविले. अतिविरळ वायूत उत्तेजित आयनास टकरीविना अर्ध्या मिनिटाहून अधिक अवधी लाभू शकतो. प्रयोगशाळेत तो लाभत नाही. ‘निषिद्ध रेषा’ ही संज्ञाही, तेव्हा, निसर्गाच्या नव्हे तर प्रयोगशाळेच्या मर्यादेची द्योतक ठरते.

परंतु रेषेची ओळख पटल्याने प्रमाण कळत नाही. ५००७ची रेषा हायड्रोजनच्या एच-बीटा रेषेहून पुष्कळदा दसपट तेजस्वी असते. तरी हायड्रोजनच्या दर दहा हजार अणूंमागे ऑक्सिजनचे अणू साधारणतः चार-पाचच. टकरींनी उजळणाऱ्या रेषेची तीव्रता तापमानानुसार झपाट्याने बदलत असल्याने, ४३६३च्या क्षीण रेषेशी तुलना करून आधी तापमान ठरवावे लागते. तथापि ऑक्सिजनच्याच पुनःसंयोगरेषांवरून काढलेले प्रमाण बहुधा दुप्पट-तिप्पट, क्वचित दसपटीहूनही अधिक भरते. वाइज यांनी १९४२ मध्ये निदर्शनास आणलेल्या या विसंगतीचा निर्णय अद्याप लागलेला नाही. वायूच्या तापमानातील चढउतार हे कारण मानल्यास मोठा आकडा खरा ठरतो. हायड्रोजनन्यून थंड वायुपुंज हे कारण मानल्यास अभ्रिकेच्या बहुतांश वायूस लहान आकडाच लागू पडतो.

मृत्युपंथास लागलेले तारे आकाशगंगेस किती कार्बन, नायट्रोजन परत देतात, याचा हिशेब अशाच आकड्यांवर उभा आहे. यास्तव कोणत्या रेषा व कोणते तापमान गृहीत धरले, हे न सांगणारे संघटनाचे कोष्टक अपुरेच मानावयास हवे.