बोगद्यातील मातीचे स्थिरीकरण : कोकण रेल्वेच्या संदर्भात एक चिकित्सा

कोकण रेल्वेविषयीचे गौरवपर लेखन रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा यांपाशी थांबते. १९९८ मध्ये मार्ग पूर्ण झाला, येथे त्याची कथा संपते. मातीची कथा मात्र तेथे संपत नाही.

कातळ फोडणे कष्टाचे असले तरी फोडलेला कातळ बहुधा उभा राहतो. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ, पाणी धरणारी माती होती व ती बांधकामकाळात वारंवार ढासळली. अशा जमिनीत दाबाने सिमेंटचे मिश्रण सोडून ती घट्ट करण्याच्या पद्धतीस ग्राउटिंग म्हणतात. मात्र हे मिश्रण खडकाच्या भेगांत आणि भरड वाळूत शिरते. चिकणमातीच्या सूक्ष्म रंध्रांत सिमेंटचे कण शिरत नाहीत. तेथे तीव्र झोताने माती कापून ती सिमेंटशी मिसळावी लागते. शिवाय ग्राउटिंगने पाण्याची वाट अडते, पाणी नाहीसे होत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला. जुलै २०२४ मध्ये आत पाणी व चिखल येऊन वाहतूक थांबली. यावरून ग्राउटिंगच सदोष होते असे सिद्ध होत नाही. परंतु स्थिरीकरण ही एकदाच उरकण्याची क्रिया नव्हे, एवढे निश्चित होते. २०२५ मध्ये पूर्णतः सुरू झालेली मुंबईची भुयारी मेट्रो जुन्या इमारतींखालून जाते. तेथे हा प्रश्न अधिकच नाजूक ठरतो. म्हणून मिश्रणाचे प्रमाण, दाब आणि दर पावसाळ्यातील पाझर यांच्या नोंदी अभ्यासकांना खुल्या असणे अगत्याचे आहे.