एक हंबकर, तीन गळे

आमच्या धनजमध्ये सिंगल कॉइल पिकअपची गिटार ॲम्पला जोडली, की तारेआधी वीज बोलते. ट्यूबलाइटचा चोक, भिंतीतली वायर, सगळ्यांची 50 हर्ट्झची घुरघुर तो पिकअप इमानानं उचलतो. मंडपातला साऊंडवाला म्हणतो, ‘हमिंग येतंय.’ अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची. म्हणजे आपली घुरघुर षड्ज धरली, तर तिकडची नेमकी कोमल गंधार.

गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं 1955 साली पेटंटचा अर्ज केलेली युक्ती, म्हणजे हंबकर, देखणी आहे. दोन कॉइल, उलट्या जोडलेल्या, खालच्या चुंबकाचे उलट ध्रुव एकेकीकडे. तारेचा आवाज दोन्हीकडून येऊन वाढतो, दोन्हींच्या घुरघुरी एकमेकींना खातात. पण दोन जागांवरून तार ऐकल्यामुळे वरचे काही स्वरांश गळतात आणि गळा जाडावतो. औषधाचा हा दुष्परिणामच पुढे लोकांना आवडला.

असा पिकअप निवडताना सगळे ‘किती हॉट?’ विचारतात. मी आधी मागच्या वायरी मोजतो. चार हव्यात, शिवाय शील्ड. रंगांवर विश्वास नको, प्रत्येक कंपनीचे वेगळे, मल्टिमीटर लावावा. मग एका पुश-पुल पॉटवर घराणं बदलता येतं. सिरीजमध्ये 4-4 किलोओहमच्या दोन कॉइल 8 होतात: भरदार, थोडा घोगरा. पॅरलल केल्या की 2. आवाज उतरतो, पण मोकळा, काचेसारखा होतो आणि घुरघुर येत नाही. ही जोडणी फार उपेक्षित आहे. स्वच्छ कॉर्डसाठी मला तीच हवी. मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की जवारी खुलते, तसंच काहीसं.

स्प्लिटमध्ये एकच कॉइल उरते. सर्वांत धारदार आवाज, पण घुरघुर परत. दुसरी कॉइल पूर्ण मारण्याऐवजी मध्ये रेझिस्टर घालून तिचा थोडा अंश ठेवला, तर आवाजाला अंगही राहतं आणि घुरघुरही थोडी दबते.

तरी उरतेच. रात्री एकटा असलो की मी तिच्याशी भांडत नाही. गिटारच सुमारे 35 सेंट चढवतो. जीची मोकळी तार 196 ऐवजी 200 हर्ट्झवर येते, घुरघुरीच्या बरोबर चौपट, आणि मागे फुकटचा तंबोरा लागून राहतो.