१७.६ महिने, पण कोणाच्या तुलनेत?

मायक्रोबबल्सवरच्या सेमिनारमध्ये नॉर्वेतल्या बर्गनचा २०१६ चा पेपर हमखास येतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे १० रुग्ण, जेमसिटाबिन, सोबत सोनोव्ह्यूचे बुडबुडे आणि निदानासाठी वापरतात तेच सोनोग्राफी मशीन. मध्यक आयुष्य ८.९ वरून १७.६ महिने. भारी वाटतं ना?

पण तुलना आधीच्या ६३ रुग्णांच्या नोंदींशी आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेलेच नाहीत. तब्येतीने बरे असलेलेच या १० जणांत आले असतील तर? जास्त दिवस जगणाऱ्याला सायकल्सही जास्तच मिळणार.

दुसरं म्हणजे, जेमसिटाबिन हा छोटा रेणू, नॅनोकण नव्हे. नॅनोकणांचं दुखणं वेगळं: विल्हेल्म आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या आढाव्यात टोचलेल्या डोसपैकी मध्यक ०.७ टक्केच ट्यूमरपर्यंत पोचला. बुडबुडा काही मायक्रॉनचा, तो रक्तवाहिनीतच राहतो; तिथे फुगतो-आकसतो, भिंत सैल करतो. पुढे दाट ऊतीतून वाट कणालाच काढायची असते. मुंबईच्या आयआयटीत रिंटी बॅनर्जींच्या लॅबने नॅनोबबल आणि लायपोसोम एकत्र जोडले, ते मला म्हणूनच जास्त पटतं.

लोणी-नगरकडे फार्मसी करून पीएचडीकडे वळणाऱ्यांनी बर्गनचा पेपर वाचावाच, पण सुरक्षिततेसाठी. जादा विषारीपणा दिसला नाही, आणि १० रुग्णांतून तेवढंच निघतं.