बरणीतील नावे आणि बटव्यातील नाव

यांगसूक चोई यांचे ‘द नेम जार’ हे इंग्रजी चित्रपुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. शब्द त्यांचेच, चित्रेही त्यांचीच. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांची नातवंडे आज आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात शाळेत जातात. म्हणून या छोट्या पुस्तकाची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोरियातून अमेरिकेत आलेली युनहे पहिल्याच दिवशी शाळेच्या बसमध्ये आपल्या नावाची मोडतोड ऐकते. वर्गात नाव विचारताच ती सांगते, आपण अद्याप नाव निवडलेले नाही. मग मुले तिच्यासाठी काचेच्या बरणीत नावांच्या चिठ्ठ्या टाकू लागतात. तिच्या बटव्यात मात्र निघताना आजीने दिलेली, तिचे नाव कोरलेली लाकडी मुद्रा असते. कुरळ्या केसांचा जोई ती मुद्रा पाहतो, तिचे खरे नाव शिकतो आणि अखेर ती बरणीच लपवून ठेवतो.

वेगळे असणे चांगलेच, अशी समजूत आई घालते. बोल खरा; पण तेवढ्याने मुलीची भीती जात नाही. तिला धीर येतो तो घराबाहेर. कोरियन दुकानदार श्री. किम तिचे नाव आदराने उच्चारतात. त्या नावाचा अर्थ ‘कृपा’. जोई तर त्यांच्या साहाय्याने स्वतःसाठी ‘चिंकू’, म्हणजे मित्र, हे कोरियन नाव मिळवतो. नवागत मुलानेच सारे अंतर तोडावे, ही आपली रूढ अपेक्षा येथे मोडते. यजमानही चार पावले पुढे येतो, तेव्हाच मैत्री जुळते. हेच या पुस्तकाचे मर्म होय.

तथापि उणिवाही सांगितल्या पाहिजेत. युनहेला इंग्रजी कोठेच अडत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. परभाषेच्या वर्गात गेलेले मूल प्रारंभी काही महिने गप्पही राहू शकते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार बोलाचालीची भाषा साधारण २ वर्षांत येते. अभ्यासाच्या भाषेत समवयस्कांची बरोबरी गाठण्यास मात्र ५ ते ७ वर्षे लागतात. पुस्तकात सारे थोड्याच दिवसांत सुटते. त्यावरून पालक अधीर झाले, तर मुलावरील ओझे वाढेल. शिवाय शिक्षक कथेच्या कडेलाच उभे राहतात. नव्या मुलाशेजारी कोणास बसवावे, मधल्या सुट्टीत त्याची सोबत कोणी करावी, हे तर त्यांच्याच हाती असते.

नाव बदलले की माणूस हरवतो, असेही आम्ही म्हणणार नाही. बाबेलच्या दरबारात दानिएलास व त्याच्या तिघा सोबत्यांस परकी नावे मिळाली. त्यांची निष्ठा ढळली नाही. परंतु हसे होईल या भीतीने मूल आपले नाव लपवू लागले, तर मोठ्यांनी थबकून चौकशी करावी.

सुट्टीत आलेल्या नातवंडांना आजी-आजोबांनी चित्रे दाखवीत ही कथा मराठीतून सांगावी. आणि येथे आपल्या शाळेत परप्रांतातून आलेल्या मुलाचे नाव आपली मुले नीट उच्चारतात काय, हेही त्यांना विचारावे. युनहेची व्यथा कळणे सोपे आहे. जोई होणे शिकवावे लागते.