आडनावाला मिळालेली खुर्ची

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले. तेव्हापासून त्याचा गौरव एकाच वाक्यात होत आला आहे : महाराची मुलगी संस्कृतची प्राध्यापिका झाली. मीही वर्गात हे वाक्य अभिमानाने उच्चारीत असे. आज मला ते अपुरे, किंबहुना लेखिकेवर अन्याय करणारे वाटते.

अभिमानाला कारण नाही असे नव्हे. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले, त्यांना फारसी घ्यावी लागली. तीच भाषा नागपूरच्या एका दलित मुलीने एम. ए.पर्यंत अभ्यासली. शास्त्राने वेदाध्ययन शूद्रातिशूद्रांना नाकारले आणि स्त्रियांनाही. तिच्यापुढच्या दाराला अशी दोन कुलुपे होती.

पण पुस्तक पदवीपाशी थांबत नाही. पदवी हाती असून नोकरी मिळेना. ती मिळाली आंतरजातीय विवाहानंतर. हे श्रेय कुमुद सोमकुवरचे नाही, पावडे या आडनावाचे आहे, असे लेखिका स्वतःच सांगते. विद्वत्ता तीच, बाई तीच. नाव बदलले आणि दार उघडले. म्हणूनच लोकांची वाहवा तिला बोचते.

तिची भाषा संस्कृतप्रचुर आहे, वस्तीच्या बोलीतली नाही. याला उणीव मानणाऱ्यांना मी विचारते, झगडून मिळवलेली भाषा आपली का नव्हे?

मध्यमवर्गीय स्त्रीमुक्तीचा विचार येथे तोकडा पडतो. बाई उंबरठा ओलांडून नोकरीला निघाली, हे त्याचे आवडते चित्र. आमच्या आया-आज्या शेतात, बांधकामावर, रस्ते झाडायला कधीच्याच बाहेर होत्या. त्यांना काम नाकारले नव्हते. ज्ञानाची आणि अधिकाराची खुर्ची नाकारली होती.

आपल्या चळवळीनेही स्वतःला तपासावे. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीने उभे राहावे, असे सांगितले. नवऱ्याच्या जातीमुळे मिळालेली खुर्ची म्हणजे ती बरोबरी नव्हे. कुमुदताईंनी हे निर्भयपणे लिहिले. आपण सत्कार करताना खुर्ची पाहिली, आडनाव पाहिले नाही.

परवा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, बाईंनी हे लग्न केलेच नसते तर?”

वर्ग गप्प झाला. मीही. या प्रश्नाचे उत्तर कुमुदताईंकडे मागायचे नाही. निवड समित्यांकडे मागायचे आहे.