संहार आणि संसार

कादंबरी, चित्रपट आणि चित्रकथा यांस एका पंगतीस बसवून त्यांची चर्चा करणें आमच्या कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. कादंबरीस साहित्याच्या घरांत पाट मिळाला, चित्रपटास ओसरीवर जागा झाली. परंतु जपानांत जिला 'मांगा' म्हणतात त्या चित्रकथेस उंबऱ्याबाहेरच उभें करावें, असें मानणारा एक पक्ष अद्याप आहे. पोरांनीं दुपारीं लोळत वाचावयाची ती वस्तु. तिच्यासाठीं टीकाकारानें लेखणी काय म्हणून झिजवावी, असें हा पक्ष विचारतो. त्याच्याशीं तात्त्विक वाद घालीत बसण्यापेक्षां एकाच विषयावरील चार कृती शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या, म्हणजे कोणाचें स्थान कोठें तें पुष्कळसें आपोआप ठरेल. विषय आहे ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं सवाआठ वाजतां हिरोशिमा शहरावर पडलेला अणुबाँब. कृती आहेत मासुजी इबुसे यांची 'काळा पाऊस' ही कादंबरी, तिजवरून शोहेइ इमामुरा यांनीं १९८९ मध्यें काढलेला त्याच नांवाचा चित्रपट, केइजी नाकाझावा यांची 'अनवाणी गेन' ही दहा खंडांची चित्रकथा, आणि फुमियो कोनो या लेखिकेची 'वारा पडलेल्या सांजेचें गांव, चेरीच्या फुलांचा देश' ही लहानशी चित्रकथा.

एका क्षणांत एक शहर जळून जातें, या घटनेपुढें कलावंताचीं नेहमींचीं साधनें थिटीं पडतात. आकडे सांगावे तर इतिहास होतो, प्रेतें मोजावीं तर पंचनामा होतो, आणि सारखा आक्रोश करावा तर ऐकणाराचे कान बधिर होतात. भयानक आणि बीभत्स या रसांची धांव फार लांब नाहीं. त्यांचें पर्यवसान करुणांत झालें नाहीं तर वाचक तोंड फिरवितो. आमचें मत असें कीं, असल्या संहाराचें माप घेण्यास संसाराखेरीज दुसरें माप कलावंताजवळ नाहीं. चूल, लग्न, दुखणें, शेजाऱ्यांचीं बोलणीं यांतूनच तो संहार आमच्या आवाक्यांत येतो. या चारी कृती जेथें हें माप धरून चालतात तेथें त्या थोर आहेत, आणि तें सोडतात तेथें त्यांचा तोल जातो.

इबुसे यांची कादंबरी १९६५-६६ मध्यें 'शिंचो' या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचें आरंभींचें नांव 'भाचीचें लग्न' असें होतें, आणि तेंच आम्हांस अधिक मार्मिक वाटतें. शिगेमात्सु हा गृहस्थ, त्याची पत्नी शिगेको आणि भाची यासुको हीं हिरोशिमांतून वांचून खेड्यांत येऊन राहिलीं आहेत. बाँब पडल्याला पांचएक वर्षें होत आलीं. यासुकोस स्थळें सांगून येतात आणि मोडतात. कारण स्फोटाच्या वेळीं ती शहरांत होती अशी गांवांत वदंता आहे. वस्तुतः त्या क्षणीं ती शहराबाहेर होती. तें सिद्ध करण्यासाठीं शिगेमात्सु तिची रोजनिशी नकलून मध्यस्थाकडे पाठविण्याचें ठरवितो. परंतु त्या रोजनिशींत, परततांना वाटेंत अंगावर पडलेल्या काळ्या पावसाची नोंद आहे. ती ठेवावी कीं गाळावी? निरोगीपणाचा दाखला म्हणून हातीं घेतलेला कागद रोगाचाच पुरावा ठरूं पाहतो. पत्रिका जुळवितांना घराण्यांतले आजार जेथें हलक्या आवाजांत विचारले जातात, त्या आमच्या समाजांतील वाचकास या प्रसंगाचें मर्म समजावून सांगावयास नको.

या नकलण्याच्या कामांतून शिगेमात्सुची स्वतःची रोजनिशी पुढें येते, त्याची पत्नी युद्धकाळांतल्या स्वयंपाकाची हकीकत लिहून देते, आणि हळूहळू सबंध शहर वाचकापुढें उभें राहतें. लेखक कोठेंही आवाज चढवीत नाहीं. सम्राटाचें शरणागतीचें भाषण चालूं असतां शिगेमात्सु बाहेर पडतो आणि ओढ्याच्या प्रवाहाविरुद्ध वर चढणारीं ईल माशांचीं इवलीं पिलें पाहत राहतो. राष्ट्राचा पराभव आणि माशांच्या पिलांची चढण एकाच पानावर ठेवून त्यावर अवाक्षरही न बोलणें, हें संयमाचें उदाहरण आम्हांस अपूर्व वाटतें.

इमामुरा यांनीं चित्रपट कृष्णधवल ठेवला, हें त्यांच्या विवेकाचें लक्षण होय. काळा पाऊस रंगांत पडला असता तर तो नुसता देखावा झाला असता. योशिको तानाका या नटीनें यासुकोची भूमिका अशा शांतपणें केली आहे कीं, विंचरतांना तिचे केंस हातांत येऊं लागतात तेव्हां प्रेक्षक तिच्याइतकाच गप्प होतो. तथापि दिग्दर्शकानें स्फोट आरंभींच दाखविला, ही आमच्या मतें हानि आहे. कादंबरींत आपण त्या दिवसापाशीं पानापानानें, नकलणाराच्या बोटाला धरून पोहोंचतों. येथें तो दिवस एकदम अंगावर कोसळतो, आणि मग ती रोजनिशी नकलण्याला गोष्टींतील एका तपशिलापलीकडे महत्त्व उरत नाहीं. उलट, मोटारीचा आवाज ऐकतांच रणगाड्यावर तुटून पडावें तसा धांवणारा, एरवीं दगडाच्या मूर्ती घडवीत बसणारा युइची हा तरुण त्यांनीं कथेंत आणला, ती भर आम्ही योग्यच समजतों. ज्या मुलीस कोणी पत्करीत नाहीं तिला समजून घेणारा मनुष्य गांवानें वेडा ठरविलेलाच असावा, यांत गांवाचा निवाडा आहे.

आतां 'अनवाणी गेन'. नाकाझावा स्वतः त्या दिवशीं सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशानें ते वांचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखालीं सांपडून जळून मेलीं. आई त्याच दिवशीं बाळंत झाली. तें मूलही पुढें दगावलें. १९६६ मध्यें आई वारली, तेव्हां दहनानंतर तिचीं हाडें म्हणण्यासारखीं उरलीं नव्हतीं, नुसती राख होती. बाँबनें आईचीं हाडेंसुद्धां नेलीं, या संतापांतून त्यांची या विषयावरील लेखणी चालूं लागली. १९७३ मध्यें 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकांत गेनची कथा सुरू झाली आणि पुढें निरनिराळ्या नियतकालिकांतून ती १९८७ पर्यंत चालली.

कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, हा वाद आमच्याकडे फडके-खांडेकरांच्या काळीं पुष्कळ रंगला. नाकाझावांना हा प्रश्न पडलाच नसावा. त्यांचीं माणसें मोठ्यानें रडतात, मोठ्यानें हंसतात, एकमेकांस ठोसे लगावतात. उत्तरार्धांत तर गेनच्या मुखानें लेखक व्याख्यानेंच देऊं लागतो, आणि तेथें आम्ही कंटाळलों हें सांगितलें पाहिजे. परंतु पहिले खंड आम्हांस विसरतां येत नाहींत. जळत्या घरापुढें उभ्या असलेल्या आईचा चेहरा हा चित्रकार चौकटीमागून चौकट पुन्हा काढतो. वाचकास पान उलटण्याखेरीज सुटका नाहीं, आणि उलटल्यावर तोच चेहरा पुन्हा समोर येतो. हें सामर्थ्य केवळ शब्दांचें नव्हे, केवळ चित्रांचेंही नव्हे. तें चित्रकथेचें स्वतःचें आहे.

या पुस्तकाचा छळही झाला. मात्सुए शहराच्या शिक्षणमंडळानें डिसेंबर २०१२ मध्यें तें शाळांच्या खुल्या कपाटांतून काढण्यास सांगितलें. ओरड झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्यें ती सूचना मागें घेतली गेली. पुढें २०२३ मध्यें खुद्द हिरोशिमाच्या शिक्षणमंडळानें शांतिशिक्षणाच्या पाठ्यसाहित्यांतून गेनचे उतारे वगळले. गरोदर आईस खाऊं घालण्यासाठीं गेन दुसऱ्याच्या तळ्यांतला मासा चोरतो, त्यानें गैरसमज होईल, असें एक कारण त्यांत दिलें गेलें. आम्हांस हें वाचून खेद झाला. भुकेल्या आईसाठीं मुलानें चोरलेला मासा म्हणजेच तो संसार, ज्याच्या मापानें मुलास युद्ध कळतें. तो मासा काढून घेतला कीं मुलापुढें फक्त एक तारीख उरते.

कोनो यांचा जन्म १९६८ चा. त्यांनीं तो दिवस पाहिलेला नाहीं. त्यांच्या चित्रांत जळालेलें शरीर जवळजवळ नाहींच. पहिल्या कथेची नायिका मिनामी १९५५ मध्यें हिरोशिमांतल्या झोंपडवस्तींत राहते, कचेरींत काम करते, आणि एक सहकारी तिच्यावर प्रेम करूं लागतांच आपण जिवंत राहिलों याचीच तिला लाज वाटूं लागते. शेवटीं ती आजारी पडते, तिची दृष्टि जाते, आणि चित्रांच्या चौकटी कोऱ्या होतात. कोऱ्या चौकटींत तिचे शब्द तेवढे उरतात. कादंबरीकारास हें साधलें नसतें, आणि पडदा इतका वेळ रिकामा ठेवण्याचें धैर्य चित्रपट काढणारांस क्वचितच होतें. पुढच्या कथेंत मिनामीच्या भावाचीं मुलें आहेत. तेथेंही एका लग्नाच्या आड तोच बाँब येतो. इबुसे यांनीं १९६५ मध्यें मांडलेला प्रश्न कोनो यांच्या २००४ च्या पुस्तकांत घरांत तसाच बसलेला आहे.

या चौघांत आम्ही पहिलें स्थान इबुसे यांच्या कादंबरीसच देतों. परंतु तिच्या शेजारचा पाट कोनो यांचा, चित्रपटाचा नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. गेनचें मोजमाप या पंगतींत नीट होत नाहीं. तो आरडाओरडा करतो, शिष्टाचार मोडतो, आणि तरीही त्याला उठवून लावण्याची आमची छाती नाहीं. ज्यांच्या घरीं दहाबारा वर्षांचीं मुलें आहेत त्यांनीं त्याचे पहिले खंड स्वतः वाचावे, मग मुलांच्या हातीं द्यावे, आणि मुलें कांहीं विचारतील तेव्हां जवळ असावें.